पितळेची खुंटी

लोहचुंबकाला सगळं कळतं, असं मला एकोणिसाव्या वर्षी वाटत होतं. नुसतं वाटून थांबले असते तरी चाललं असतं. त्या वयात पोरींना याहून वेडगळ गोष्टी वाटतात. पण मी ते चारचौघींत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्या भावजयीच्या मानेला चुंबक लावून सिद्ध करून दाखवलं. माझी नात परवा विचारत होती, "आजी, तू तरुणपणी हुशार होतीस का गं?" मी म्हटलं, "अगं, त्या अख्ख्या एमआयडीसीत दोनच गाढवं होती. एक कुंभाराचं आणि एक मी. त्यातलं कुंभाराचं निदान ओझं तरी वाहायचं."

नगरच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपल्या की पत्र्याच्या शेडा सुरू व्हायच्या. त्यातल्या एका शेडमध्ये टेपरेकॉर्डरच्या मोटरीत बसणारे चुंबक तयार व्हायचे आणि मी तिथं मशीनवर होते. चुंबक म्हटलं की लोकांना वाटतं, कुठल्या तरी डोंगरातून दगड फोडून आणत असतील. आमचा चुंबक आंघोळीच्या मगासारखाच जन्माला यायचा. काळी भुकटी नायलॉनमध्ये मिसळून केलेला दाणा पोत्यांतून यायचा, मिरीसारखा. तो आधी ताटांत पसरून ओव्हनमध्ये वाळवायचा, कारण नायलॉन हवेतली ओल पितं, आणि ओला दाणा मशीनमध्ये गेला की मालावर चंदेरी ओरखडे उठतात, पोटात फोड धरतात. वाळलेला दाणा वर हॉपरच्या नरसाळ्यात ओतायचा. तिथून तो तापलेल्या नळीत उतरायचा, आतला स्क्रू त्याला वितळवत, मळत पुढे रेटायचा आणि मग मशीन एक दणका देऊन तो काळा लगदा साच्यात मारायचं. थोडं निवलं की साचा उघडायचा. आत एका काळ्या फांदीला जांभळं लागावीत तशा कड्या लागलेल्या असायच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. कडी फांदीवरून मोडायची, काठाला आलेली पापडी ब्लेडनं तासायची, फांदी पुन्हा दळायच्या डब्यात टाकायची, दार ओढायचं. साचा मिटला, फुस्स, दणका, पुन्हा उघडला. पाठीमागे लष्कराच्या हद्दीतले बार वाजत असायचे, आणि आमच्या मशीनचे दणके त्यात असे मिसळून जायचे, की कुठला कुणाचा ते कळायचं नाही.

साच्यातून निघालेल्या कडीत मात्र जीव नसायचा. टाचणीलाही ती ओळख देत नसे. शेडच्या कोपऱ्यात चार्ज करायचं यंत्र होतं. त्यात कडी ठेवून बटण दाबलं की 'खट्ट' व्हायचं, वरचा दिवा क्षणभर मलूल व्हायचा, आणि कडी जिवंत. जिवंत कड्या आम्ही पितळेच्या खुंट्यांवर ओवून ठेवायचो, मधे पुठ्ठ्याची चकती घालून. खुंटी लोखंडाची असती तर कडी झेप घेऊन आदळली असती आणि तिचा काठ उडाला असता. तो माल ठिसूळ. म्हणून पितळ. ही पितळेची खुंटी वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. मी दिवसभर तिच्यावर कड्या ओवायचे, आणि ती एवढीशी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

शेजारच्या मशीनवर झेंडीगेटच्या शमीमआपा होत्या. त्यांची जीभ आमच्या ब्लेडपेक्षा धारेची. कुणी नवा दागिना घालून कामाला आली, की त्या खुंटीवरची एक कडी काढून म्हणायच्या, "क्यों गं, कडी लावू का?" सगळ्या जणी मशीन सोडून गोळा व्हायच्या. ती पोरगी लाजत कान पुढे करायची. कडी नुसतीच घसरली तर तिनं चहा पाजायचा, आणि चिकटली तर आम्ही जन्मभर हसायचं, असा कायदाच होता. कांता नावाच्या पोरीचं कानातलं चिकटलं. संध्याकाळपर्यंत गेटवरचा वॉचमनसुद्धा तिला "लोखंडेबाई" म्हणायला लागला. लग्न ठरलं होतं बिचारीचं, आणि ते कानातलं तिकडूनच आलेलं. पंधरवड्यात तिनं काम सोडलं. तिच्या मशीनवर नवी पोरगी आली, आम्ही तिलाही कडी लावली.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, मी तर नुसत्या काळ्या भुकटीनं पिवळी झाले होते. घरी जाताना नाकातून काळं, कानातून काळं, थुंकी काळी. आई मला पिठाच्या परातीला हात लावू द्यायची नाही. "कोळशाच्या वखारीत नांदाया गेलीस काय गं?" म्हणायची. पण मला त्या काळ्याचाच तोरा. काठ उडालेली एक जिवंत कडी मी रुमालात बांधून घरी आणली होती. आईची हरवलेली सुई मी त्या कडीनं शोधून दिली, दादाच्या टेम्पोचा सांडलेला खिळा शोधून दिला, आणि आळीत माझं नाव झालं. आता ती कडी माझ्या फ्रीजच्या दारावर विजेचं बिल धरून उभी आहे. जिला आम्ही न्यायाधीश केलं होतं, ती शिपायाच्या कामाला लागली.

घरात आम्ही तिघं, वडील आधीच गेलेले. चौथी आली ती दादाची बायको, मंदावहिनी. ती पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की कोपरगावकडं कारखान्याच्या पट्ट्यात बैलगाडी न्यायची, पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचं. बाकी काही देता आलं नाही, पण लेकीच्या गळ्यात त्यांनी सोन्याची एक साखळी घातली होती. वहिनी बोलायला कमी आणि हाताला गोड. हुलग्याचे शेंगोळे तिच्यासारखे मी पुढे कुठंच खाल्ले नाहीत, लसणाचा वास उंबऱ्याबाहेर यायचा आणि दादा टेम्पो लावता लावताच म्हणायचा, "आज शेंगोळं दिसतंय!" तो घरात हसायला लागला होता. ती यायच्या आधी तो बाजारातून येताना माझ्यासाठी भेळ आणायचा. ती आली आणि त्याला भेळेचा विसर पडला. एवढा घोर अन्याय माझ्यावर झाला होता. माणसाला दुष्ट व्हायला फार मोठं कारण लागतं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही भेळ लक्षात घ्यावी.

संक्रांतीला वहिनीचं पहिलं हळदीकुंकू होतं. आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. वहिनी हलव्याचे दागिने घालून तिळगूळ वाटत होती, आणि सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या जाधवकाकू म्हणाल्या, "शाले, तुजी ती जादूची कडी दाव की."

मी कमरेचा रुमालच सोडला. टाचणी उडवली, सुई नाचवली. बाया हसल्या.

"आन् सोनं पारखती म्हनं ही?" काकूंनी विचारलं.

"पारखती तर! आमच्या शेडमदी एकीचं खोटं असंच सापडलं." मी काकूंच्या पाटल्यांना कडी लावली. नाही चिकटली. आईच्या बोरमाळेला लावली. नाही चिकटली. दोघी उगाचच मान ताठ करून बसल्या. मग मी म्हटलं, "वहिनी, मान खाली घाला."

"असं काय वन्सं, लेकरावानी," वहिनी म्हणाली. पण हातात तिळगुळाचं ताट, तिनं हसत मान वाकवली.

टिक्. साखळीचा हूक उडी मारून कडीला बसला. मी कडी मागे ओढली तशी साखळीही मानेवरून उचलली गेली. चिकटला होता फक्त हूक. बाकीची साखळी नुसती लोंबत होती. ती कडी चार बोटं पुढे सरकवून बघायची, एवढंच करायचं होतं. पण मला बघायचं कुठं होतं? मला सांगायचं होतं.

"लोखंड!" मी ओरडले. आवाज असा, जसा काही हंडा सापडला. "आई, लोखंड हाय!"

वहिनीनं ताट खाली ठेवलं. "न्हाई वो आत्याबाई, आन घेते. बानं नगरच्याच सोनाराकडं केली. मी हुते संगं."

"काढ ती," आई म्हणाली.

"आत्याबाई..."

"काढ म्हनते ना! उसाच्या वाढ्यात गुंडाळून लोखंड पाठीवलं व्हय तुज्या बापानं? आन् आमी सोन्याची सून म्हनून मिरवतोय."

"असू द्या वो, गरीब मान्सं," जाधवकाकू म्हणाल्या. त्या घरात त्या दिवशी बोलली गेलेली सगळ्यात विषारी वाक्यं दोन: एक आईचं आणि एक हे. वहिनीनं हलव्याच्या दागिन्यांखालून साखळी काढून दिली. आईनं ती पिठाच्या डब्यामागं टाकून दिली आणि बायांना पानसुपारी दिली. बाया वाण घेऊन गेल्या. आळीला पुरेल एवढं वाण त्यांना त्या दिवशी माझ्याकडून मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी हे असं रंगवून सांगितलं, की साचा उघडून तसाच राहिला. शमीमआपांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा छोकरी! घर में ही शिकार!" त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला कबाब खायला दिला, आणि मी तो खाल्ला. घरी आईनं वहिनीचं नाव टाकलं. "ए लोखंडी" अशी हाक मारायची. सगळ्यांची जेवणं झाली की तिनं बसायचं, आणि बसली की आई म्हणायची, "दात संभाळून लाव गं, भाकर मऊ हाय, तू लोखंडाची." मी हसायचे. दादा ताटावरून उठायचा, पण त्यानं उठण्यापलीकडं काही केलं नाही. वहिनीच्या हाताचा गोडवा तेवढा राहिला. रडत रडत केलेले शेंगोळेही तसेच व्हायचे, आणि आम्ही ते मिटक्या मारत खायचो.

माघात आईनं दादाला सांगितलं, "हिला हिच्या बापाकडं सोड. म्हनावं, खरं घाल गळ्यात, मंग धाड." दादानं तिला टेम्पोत बसवून कोपरगावकडं नेलं. ऊसतोडीवाल्यांच्या खोप्या उसाच्या कडेला असतात, पाचटाच्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्याच. तिचा बाप फडात होता. जावई आलेला बघून त्यानं कोयता खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "पावन्याला च्या टाक." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं तोच कोयता हातात घेतला. हे दादानं मला फार वर्षांनी सांगितलं, तेही दुसरीकडं बघत.

मग माझं जमलं. राहुरीचं स्थळ, किराणा दुकान, घरात पंखा. साखरपुड्याला सासूबाईंनी माझ्यासाठी ठुशी आणली; टपोऱ्या मण्यांची, मागं दोरी ओवलेली, पिवळीधम्मक. आईनं सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "आमच्या शालीला सोन्याची पारख हाय. कंपनीत चुंबक बनीवती ती." आणि मी, साखरपुड्याच्या पाटावर बसलेल्या नवरीनं, रुमालातून कडी काढली! सासूबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. गोड हसून म्हणाल्या, "बघ बाई, बघ. तुजंच हाय." मी मण्यामण्यावरून कडी फिरवली. एकही मणी हलला नाही. "खरं हाय!" मी जाहीर केलं. पाहुणे हसले, आई फुलून आली. "पोरगी लई चौकस हाय," सासूबाई म्हणाल्या. त्या हसण्याचा अर्थ आज मला एवढा स्वच्छ कळतो, की त्या बाईची दृष्ट काढावीशी वाटते. स्वतः होऊन जाळ्यात येऊन, वर जाळ्याचं कौतुक करणारा मासा तिला जन्मात दुसरा मिळाला नसेल.

लग्न होऊन आखाडात मी माहेरी आले. दोरी ओढूनही ठुशी गळ्याला सैल व्हायची, तिचे दोन मणी कमी करायचे होते. आणि आईला ती पिठाच्या डब्यामागची साखळी मोडीत टाकून लोखंडाचं का होईना, काहीतरी पदरात पाडायचं होतं. म्हणून दोघी कापडबाजाराजवळच्या एका सोनाराकडं गेलो. त्यानं आधी साखळी काळ्या दगडावर घासली, वर तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाला, "मोडायची कशाला? चांगली हाय की."

"चांगली? चुंबकाला चिकटती ती," मी म्हटलं.

सोनारानं चिमट्यानं हूक उचकटला आणि आतून केसाएवढ्या ताराचं एक वेटोळं काढून काचेवर ठेवलं. "ही स्प्रिंग. स्टीलची. हूक मिटून ऱ्हावा म्हनून घालतात. बाकी सगळं सोनं."

मग त्यानं माझी ठुशी घासली. एकदा बघितलं, पुन्हा घासली. माझ्या गळ्याकडं बघितलं आणि आवाज उतरवून आईला म्हणाला, "हे तांबं हाय मावशी. वरून पानी दिलंय."

"असं कसं?" मी म्हणाले. "कडी लावून बघितली मी! चिकटली न्हाई!"

"अहो ताई, तांब्यापितळेला कधी चुंबक चिकटतो व्हय?"

आणि त्या दुकानात, वजनकाट्यासमोर उभी असताना, मला ती खुंटी दिसली. पितळेची. दिवसभर, रोज, महिनोन्महिने मी तिच्यावर जिवंत कड्या ओवल्या होत्या, आणि एकही कडी तिला कधी चिकटली नव्हती. चिकटू नये म्हणूनच ती पितळेची होती, आणि हे मी स्वतः नव्या पोरींना ऐटीत समजावून सांगायचे. नायलॉनला ओल लागते हे मला कळत होतं, साच्यात फोड कुठं धरेल हे कळत होतं. डोक्यात काय धरलं होतं, तेवढं कळत नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर आई म्हणाली, "घाल ती गळ्यात. कुनाला बोलायचं न्हाई. लगीन झालंय आता."

"आन् वहिनीला मंग का घालवली?"

"ती सून हुती," आई म्हणाली, आणि तिनं भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला.

वहिनीला आणायला आई गेली नाही, दादाला तोंड नव्हतं. "तूच कडी लावलीस, तूच जा," तो मला म्हणाला. त्यानं मला दिलेली सगळ्यात मोठी शिवी हीच. पाथर्डीची एसटी, पुढं पायवाट. दोन्ही बाजूला बाजरी वितभर आलेली, आणि खुरपणीच्या बाया मान वर करून माझ्याकडं बघत होत्या. गळ्यात ठुशी होती, घामानं गळा खाजत होता, आणि रुमालात आता कडीच्या जागी साखळी होती.

मी घर धुंडाळत गेले तेव्हा वहिनी रानातून आलेली होती. तिचे हात मी ओळखले नाहीत. उसाच्या पात्यानं कोपरापर्यंत काप गेलेले, काही पांढरे पडलेले, काही अजून लाल. तिच्या आईनं मला पाणी दिलं, भाकरी आणि ठेचा वाढला. कुणी शिवी दिली असती तर घास उतरला असता. मी साखळी तिच्या बापाच्या हातात दिली आणि म्हटलं, "खरी निघाली. हुकात स्प्रिंग हुती, ती चिकटली. वहिनीला न्यायला आले."

त्यानं साखळी उलटीसुलटी केली नाही. नुसता हूक अंगठ्यानं चाचपला. "मीच म्हनलो हुतो सोनाराला," तो म्हणाला, "पोरगी कामाची हाय, वाकती-उठती. गळ्यातनं पडाया नको. हूक जरा घट्ट बसीव." मग तो उठून बैलाला पाणी दाखवायला गेला, आणि मी भाकरीचा उरलेला तुकडा कुठं लपवावा ते बघत बसले.

वहिनी येईल की नाही, हे मला माहीत नव्हतं. ती आत गेली. मग ती धुतलेलं लुगडं नेसून पिशवी घेऊन बाहेर आली. बापाच्या हातातली साखळी घेतली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मान वाकवली, त्या दिवशी वाकवली होती तशीच.

"हूक लावा, वन्सं."

तो एवढासा हूक उघडेना, उघडला तर मिटेना. ती हलली नाही, घाई केली नाही, मी लावेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली. मग वळली. माझ्या गळ्याकडं बघितलं. ठुशीच्या खाली घामानं हिरवट काळा पट्टा उमटला होता, काय ते तिला सांगावं लागलं नाही. "साखरपुड्यात कडी लावून बघितली हुती," एवढंच मी म्हटलं. तिनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं, लेकराचं तोंड पुसावं तसा माझा गळा पुसला, पदरावर आलेला हिरवा डाग नीट उजेडात धरून बघितला आणि म्हणाली:

"काढू नका हां वन्सं, जन्मभर घाला. तुमच्या कडीनं पसंत केलंय."